शेरा मिळतो, शासन निर्णय निघत नाही: नगरपरिषदांच्या संघटनेनं बाजू मांडायची कशी?

प्रश्न असा आला आहे: ‘मी नागपूर विभागातल्या एका क वर्ग, म्हणजे लहान गावाच्या, नगरपरिषदेची नगराध्यक्ष आहे, पहिलीच वेळ. आमच्या भागातल्या नगराध्यक्षांच्या संघटनेच्या कार्यकारिणीवर मला घेतलं आहे. आतापर्यंत तीन बैठका झाल्या. दर वेळी निवेदन तयार होतं, कोणीतरी मंत्र्यांची वेळ घेतं, पुष्पगुच्छ, फोटो, आणि आम्ही परत. मंत्र्यांपर्यंतची आमची पोच वाढवायची कशी? आणि कार्यकारिणीचं नेमकं काम तरी काय?’

ताई, मी नगरपरिषदेत लेखापाल होतो. निवृत्तीनंतर अकरा वर्षं विदर्भातल्या नगरपरिषदांच्या एका संघटनेचा कार्यवाह म्हणून काम पाहिलं. त्यामुळे माझं उत्तर थोडं हिशेबाच्या अंगानं जाईल.

तुमची अडचण पोच नसण्याची आहे, असं मला वाटत नाही. पोच तर आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्याकडे होतं. डिसेंबरात मुख्यमंत्री रामगिरीवर, मंत्री रविभवनात, आमदार आमदार निवासात, म्हणजे सगळं सरकार सिव्हिल लाइन्सच्या परिसरात उतरलेलं असतं. कोकणातल्या नगराध्यक्षाला मंत्रालयात जे चार फेऱ्यांत जमत नाही, ते उमरेड-काटोलच्या माणसाला एका दिवसात जमतं. तरीही काम होत नाही, कारण भेटीत जे हातात दिलं जातं त्यावर पुढे काही लिहिताच येत नाही.

निवेदन दिल्यावर काय होतं ते बघा. मंत्री त्यावर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा मारतात. कागद नगर विकास विभागाच्या एखाद्या कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलाकडे जातो. तिथल्या कक्ष अधिकाऱ्याला टिपणी लिहायची असते, आणि त्यासाठी त्याला चार गोष्टी लागतात: कोणता कायदा, नियम किंवा शासन निर्णय बदलायचा, कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खात्यातून) पैसा द्यायचा, वर्षाला किती, आणि किती नगरपरिषदांना. आपल्या निवेदनात सतरा मागण्या असतात आणि या चारपैकी एकाचंही उत्तर नसतं. मग तो सरळ ‘जिल्हाधिकाऱ्यांकडून अहवाल मागवावा’ असं लिहून मोकळा होतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

म्हणून कार्यकारिणीचं पहिलं काम म्हणजे सतरा गावांच्या सतरा तक्रारींतून अशी एक मागणी घडवणं, की जिच्यावर टिपणी लिहिता येईल. भेट, फोटो, बातमी हे सगळं त्यानंतरचं.

दुसरी गोष्ट, मागणी कोणत्या दारात न्यायची. ही चूक आम्ही स्वतः केली, म्हणून सविस्तर सांगतो. पाणीपुरवठ्याच्या पंपांचं वीजबिल हा लहान नगरपरिषदांचा गळफास आहे. तीन वर्षं आमचं शिष्टमंडळ प्रत्येक मंत्र्याला एकच सांगत होतं, की पाणी योजनांचा विजेचा दर कमी करा. शेवटी एका उपसचिवांनी आम्हाला बसवून समजावलं, की दर आमच्या हातात नाही. विजेचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे दराचा प्रस्ताव जाहीर होतो आणि कोणालाही हरकती-सूचना देता येतात. आयोगाची जनसुनावणी नागपूरलाही होते, आणि तिथे नगरपरिषदांच्या वतीनं त्याआधी एकदाही कोणी उभं राहिलेलं नव्हतं. सरकारला काही करायचंच असेल तर त्याच कायद्याच्या कलम ६५ खाली एखाद्या ग्राहकवर्गाला अनुदान देता येतं, मात्र ती रक्कम सरकारनं आगाऊ भरावी लागते. म्हणजे एकाच दुखण्यासाठी दोन वेगळी दारं होती. दर हवा असेल तर आयोग, अनुदान हवं असेल तर अर्थसंकल्प. आम्ही तीन वर्षं तिसऱ्याच दारावर थापा मारत होतो.

पुढच्या सुनावणीला आम्ही लेखी हरकत घेऊन गेलो. आमचं म्हणणं नोंदवलं गेलं, पण दर आम्हाला हवा तितका उतरला नाही. खरा फायदा वेगळ्याच ठिकाणी झाला. हरकतीसाठी आम्ही प्रत्येक नगरपरिषदेकडून बारा महिन्यांची बिलं मागवली होती. ती एका तक्त्यात मांडल्यावर दिसलं, की काही जोडण्या सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या वर्गवारीत नव्हत्याच. जोडणी घेतानाच आपल्या लोकांनी अर्जात चुकीचा वापर लिहिला होता. अर्ज करून त्या दुरुस्त झाल्या. त्यासाठी कोणत्याही मंत्र्याला भेटावं लागलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या सदस्याला सांगतो, आधी बिलं गोळा करा, निवेदन नंतर लिहा.

आता पैशाबद्दल, कारण शेवटी सगळं तिथेच येतं. कायद्यात लिहिलेला रुपया आणि शासन निर्णयातला रुपया यांत फार फरक असतो. महाराष्ट्रात नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली आणि बदल्यात सहायक अनुदान आलं. महानगरपालिकांची जकात आणि नंतरचा स्थानिक संस्था कर जाऊन २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा त्यांच्यासाठी मात्र भरपाईचा स्वतंत्र कायदा झाला. त्यात पायाभूत वर्ष ठरलं आणि दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ वाढ लिहिली गेली. नागपूर महानगरपालिकेचा लेखाधिकारी पुढच्या वर्षीचा आकडा आज काढू शकतो. तुमच्या नगरपरिषदेचा लेखापाल तसं करू शकत नाही. तो शासन निर्णयाची आणि निधी वितरणाच्या पत्राची वाट बघतो. मोठ्या शहरांच्या महापौरांना आणि आयुक्तांना आवाज होता आणि जकातीचा आकडाही मोठा होता, हे एक कारण. पण १९९९ मध्ये नगरपरिषदांच्या बाजूनं ‘ही वाढ कायद्यातच लिहा’ असं एकमुखानं मागणारं बळ उभं राहिलं नाही, हेही मला तितकंच मोठं कारण वाटतं. म्हणून मागणी ठरवताना स्वतःला विचारा: हे आपण एकदाच मागतोय, की दरवर्षी मागावं लागू नये असं मागतोय? दुसऱ्या प्रकारची मागणी मिळायला वर्षं लागतात. कार्यकारिणी असते ती त्याचसाठी. एका नगराध्यक्षाच्या मुदतीत ते बसत नाही.

घटनेचा आधारही नीट समजून घ्या, कारण भाषणात तो नेहमी चुकीचा वापरला जातो. नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय बाराव्या अनुसूचीत आले. पण कलम २४३-डब्ल्यू म्हणतं, की राज्य विधिमंडळ हे अधिकार देऊ शकेल. ते बंधनकारक नाही. ‘घटनेनं आम्हाला १८ विषय दिलेत’ असं म्हणत गेलात तर समोरचा अधिकारी पहिल्या मिनिटात तुम्हाला गप्प करतो. त्यापेक्षा वित्त आयोगाची वाट धरा. कलम २४३-आय आणि २४३-वाय प्रमाणे दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोगाला नगरपालिकांच्या आर्थिक स्थितीचा आढावा घ्यावा लागतो, आणि त्याच्या शिफारशींवर सरकारनं काय केलं याचं ज्ञापन विधिमंडळापुढे ठेवावं लागतं. इथे ‘शकेल’ नाही, ‘लागेल’ आहे. आयोगापुढे आकड्यांसह साक्ष द्यायची आणि नंतर ते ज्ञापन कधी मांडलं, त्यात काय स्वीकारलं, काय नाकारलं, हे आमदारांकरवी तारांकित प्रश्नातून, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं अशा प्रश्नातून विचारायचं, हे कार्यकारिणीचं फार महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे.

दुसरीकडे काय आहे ते पाहिलं की आपली उणीव कळते. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत कलम १६३ खाली नगरपालिकांच्या संघटनेला मान्यता देण्याची तरतूद आहे आणि तिथल्या संसदेच्या दुसऱ्या सभागृहात स्थानिक संस्थांचे १० पर्यंत प्रतिनिधी बसू शकतात. त्यांना मत नाही, पण कायदा होत असताना खोलीत बसायला मिळतं. आपल्याकडे अशी खुर्ची नाही. त्यामुळे आपल्याला आमदारांमार्फत, आयोगांपुढे, जिल्हा नियोजन समितीत आणि कार्यासनाच्या टेबलाशी, अशा चार ठिकाणी जाऊन तेच म्हणणं मांडावं लागतं. म्हणणं चारही ठिकाणी शब्दाला शब्द सारखं असलं पाहिजे. एका ठिकाणी ‘दरडोई’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सरसकट’ म्हणालात तर वित्त विभाग तेवढ्यावर प्रस्ताव परत पाठवतो.

बाजू मांडण्याआधी ती आपसात ठरवावी लागते, आणि कार्यकारिणीची खरी परीक्षा तिथेच होते. आमच्याकडे अ, ब, क वर्ग आणि नगरपंचायती अशा सगळ्या होत्या. अनुदान वाटपाचा विषय आला की मोठी गावं म्हणायची लोकसंख्येवर द्या. लहान म्हणायची, आमच्याकडे घरपट्टीच नाही, आम्हाला आधी द्या. दोन बैठका भांडणात गेल्या. तिसऱ्या बैठकीत मी एक कागद ठेवला. त्यावर प्रत्येक सूत्राप्रमाणे कोणाला किती रुपये येतील हे गावाच्या नावासकट लिहिलं होतं. लोकसंख्येच्या सूत्रात चार मोठ्या गावांना फायदा होता आणि बाकी सगळे तोट्यात. सरसकट सूत्रात उलटं. मग एका मोठ्या गावाच्या नगराध्यक्षांनीच मधला मार्ग सुचवला: प्रत्येकाला किमान एक ठरावीक रक्कम, त्यावरची रक्कम लोकसंख्येप्रमाणे. त्यांच्या गावाला त्यात थोडा तोटा होता आणि ते त्यांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. त्या दिवसानंतर लहान गावांनी मोठ्यांच्या मलनिस्सारणाच्या मागणीला कधी विरोध केला नाही. आकडा समोर असला की माणसं देवाणघेवाण करतात. तत्त्वावर वाद घालत बसलो तर कोणी हलत नाही.

उलट अनुभवही आहे. एकदा संघटनेच्या शिष्टमंडळात गेलेल्या एका सदस्यानं भेटीतच स्वतःच्या गावाच्या सभागृहाचा कागद पुढे केला. वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी राज्य सरकार एकेका नगरपरिषदेला निधी देतं, त्या योजनेतून ते काम मंजूर झालं. पुढच्या बैठकीला बोलावलं तर म्हणाले, ‘आमचं तं होऊन गेलं भाऊ, तुमचं चालू द्या.’ त्यांचा मला राग आला नाही. त्यांच्या गावाला सभागृह हवंच होतं. पण मंत्र्यांच्या कार्यालयाला त्या दिवशी कळलं, की ही संघटना एकेका कामात सुटते. आमची मूळ मागणी त्यानंतर दोन वर्षं मागे पडली. मग आम्ही ठराव केला: आपल्या गावाचं काम प्रत्येकानं जरूर मागावं, पण संघटनेच्या भेटीच्या दिवशी नाही आणि संघटनेच्या कागदासोबत नाही. तुमच्या कार्यकारिणीत एवढा एक नियम झाला तरी पुष्कळ फरक पडेल.

पक्षांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ते मनात असणारच. आता नगराध्यक्ष थेट निवडून येतो. २०१६ मध्ये ही पद्धत आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली, आणि या तिन्ही वेळा नगरपरिषदांना कोणी विचारलं नाही. थेट निवडून आल्यामुळे तुमच्या सभासदांवर पक्षाचा शिक्का ठळक असतो. आम्ही कामाची वाटणी करायचो. सत्ताधारी पक्षाचे सदस्य मंत्र्यांकडे जायचे, विरोधी पक्षाचे सदस्य आपल्या आमदारांकडून लक्षवेधी सूचना किंवा तारांकित प्रश्न लावायचे, पण कागद एकच. बोलताना कोणी सरकारवर टीका करायची नाही आणि कोणी सरकारची आरतीही करायची नाही. काहींना हे जमत नाही, आणि त्यांना आग्रह करू नये. तालुक्याचं राजकारण फार कडवट असेल तर ही वाटणी टिकत नाही, हेही मी पाहिलं आहे. अशा वेळी अध्यक्षपद दर वर्षी फिरतं ठेवणं बरं पडतं.

आता थोडं बोचेल असं. सरकारकडे मागताना आपलं घरही बघावं लागतं. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगानं शहरी संस्थांच्या अनुदानाला अटी घातल्या: लेखे ऑनलाइन जाहीर हवेत, मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित हवेत आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीनं वाढायला हवी. त्या काळात आमच्या काही सदस्य नगरपरिषदांचे लेखे दोन-दोन वर्षं मागे होते. अटी शिथिल करा असं निवेदन देण्याचा प्रस्ताव आला. मी विरोध केला आणि त्याऐवजी निवृत्त लेखापालांची एक तुकडी करून ते लेखे पूर्ण करून दिले. सभासदाचं घर दुरुस्त करणं हेही बाजू मांडण्याचंच काम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅगनं, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, १८ राज्यांच्या लेखापरीक्षणांचा एकत्रित आढावा काढला. त्यात शहरी संस्थांचं स्वतःचं उत्पन्न एकूण महसुलाच्या सुमारे ३२ टक्के आणि रिक्त पदं सरासरी ३७ टक्के दाखवली आहेत. हा दाखला तुम्ही कोणत्याही बैठकीत ठेवलात तर समोरचा अधिकारी पहिल्यांदा म्हणेल, ‘वसुली वाढवा.’ तेव्हा तुमच्याकडे उत्तर हवं: वसुली निरीक्षकाचं पद राज्य संवर्गातलं आहे, ते रिकामं आहे, आणि भरण्याचा अधिकार आम्हाला नाही. तुमच्या आकृतिबंधातली (नगरपरिषदेला ठरवून दिलेल्या पदांच्या यादीतली) मंजूर पदं आणि भरलेली पदं यांचा तक्ता सोबत असला की चर्चा तिथून पुढे सरकते.

हे सगळं मी इतक्या तळमळीनं सांगतोय त्याला मधली वर्षं कारणीभूत आहेत. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात असल्यामुळे निवडणुका रखडल्या आणि बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक आले; नागपूर महानगरपालिकेतही मार्च २०२२ पासून प्रशासकच होते. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिल्यावर निवडणुका लागल्या. कलम २४३-यू पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या म्हणतं, पण त्या काळात हे आग्रहानं सांगायला संघटनेत निवडून आलेला माणूसच उरला नव्हता. माजी नगराध्यक्ष निवेदन घेऊन गेले की ‘आपण आता कोण?’ असा चेहरा दिसायचा. म्हणून संघटनेचा पाया एका माणसाच्या पदावर ठेवू नका. कार्यालय, फायली, तक्ते आणि ते सांभाळणारा एक पगारी माणूस असू द्या. मुदत संपली तरी कागद जिवंत राहिला पाहिजे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तिथेच तपासा. संघटना नोंदणीकृत आहे का? नगरपरिषद निधीतून वर्गणी द्यायची असेल तर मुख्याधिकारी आणि लेखापालांचं लेखी मत आधी घ्या, नाहीतर स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप ठरलेला. मागणीला प्रत्येक नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव जोडा, म्हणजे ती नगराध्यक्षाची वैयक्तिक मागणी राहत नाही. ठरावाची भाषा मात्र शिफारशीची ठेवा. अधिकाराबाहेरचं काही लिहिलं तर कोणीतरी नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन तो स्थगित करून आणतं. आणि मुख्याधिकाऱ्यांना शिष्टमंडळात ओढू नका. ते शासनाच्या संवर्गातले आहेत. त्यांच्याच विभागाविरुद्ध त्यांना उभं करणं अन्यायाचं आहे. त्यांच्याकडून माहिती घ्या, तीही ठरावानं.

वेळापत्रकाचं तेवढं सांगतो. आपण सगळे डिसेंबरात जागे होतो, मोर्चे टेकडी रोडला येतात, आणि त्याच आठवड्यात आपलं निवेदन शंभर निवेदनांच्या ढिगात पडतं. विभागांचे अर्थसंकल्पीय प्रस्ताव त्याआधीच वित्त विभागाकडे जाऊ लागलेले असतात, आणि अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांची यादीही आधीच तयार होते. त्यामुळे मागणी जुलैत ठरवा, आकडे ऑगस्टमध्ये गोळा करा, सप्टेंबरात नगरपरिषद प्रशासन संचालनालय आणि नगर विकास विभागाच्या कार्यासनाला मसुदा द्या, त्यांच्या शंका ऑक्टोबरात फेडा. तारांकित प्रश्नाला अधिवेशनाच्या बऱ्याच आधीची मुदत असते, ती आमदारांच्या स्वीय सहायकाला विचारून ठेवा. मग डिसेंबरातल्या भेटीत मंत्र्यांना एकच वाक्य म्हणायचं असतं: ‘नस्ती (फाईल) वित्त विभागात सहमतीसाठी आहे, तेवढी पुढे सरकवा.’ या वाक्यावर मंत्री फोन उचलतात. सतरा मागण्यांच्या निवेदनावर उचलत नाहीत.

तुमच्या पुढच्या बैठकीसाठी निवेदन लिहू नका, फक्त एक तक्ता फिरवा. रकाने असे ठेवा: नगरपरिषदेचं नाव आणि वर्ग; गेल्या तीन वर्षांत मिळालेलं सहायक अनुदान आणि ते कोणत्या महिन्यात मिळालं; दस्त नोंदणीवरच्या १ टक्का अधिभाराची येणे रक्कम; पाणी आणि पथदिव्यांचं वर्षाचं वीजबिल; मंजूर पदं आणि भरलेली पदं; मालमत्ता कराची मागणी आणि वसुली; शेवटचे लेखे कोणत्या वर्षापर्यंत पूर्ण आहेत. अर्धे लोक पहिल्यांदा भरून देणार नाहीत, त्यांना स्वतः फोन करा. तक्ता पूर्ण झाला की ज्या रकान्यात सगळ्यात जास्त गावांचा आकडा सारखाच वाईट आहे, तो मला कळवा. त्यासाठी कोणतं दार ठोठवायचं ते तेव्हा नेमकं सांगता येईल.